कोनाडा तोच, पडदा नवा

गेल्या सत्राच्या अखेरीस आपल्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर एक कागद लागला होता. ‘निर्लेखित करावयाच्या साहित्याची यादी’ असे त्याचे भारदस्त शीर्षक होते. मोडक्या खुर्च्या, गंजलेली दोन कपाटे, एक टंकलेखन यंत्र आणि अगदी शेवटी, ‘मराठी विभाग : रंगीत टीव्ही (जुना) १ नग, व्हीसीआर १ नग. त्याऐवजी सपाट पडद्याचा नवीन संच घेणे.’ ही यादी वाचून कोणी हळहळल्याचे ऐकिवात नाही. हळहळावे असे तिच्यात काही नव्हतेही. मी मात्र त्या फलकापुढे पुढचा तास सुरू होईपर्यंत उभी राहिले, कारण हाच व्यवहार आमच्याकडे एकदा होऊन गेलेला आहे. तो घरात झाला नाही, आमच्या गाडीत झाला. त्यात आम्ही काय कमावले आणि काय गमावले याचा जमाखर्च मांडल्याखेरीज महाविद्यालयाच्या या खरेदीविषयी मला माझे मत सांगता येणार नाही. म्हणून आधी गाडीची हकीकत.

आमच्या वडिलांची (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) पस्तीस आसनांची एक जुनी बस आहे. विटा परिसरातून लग्नाची वऱ्हाडे, शाळांच्या सहली आणि मुख्यतः देवदर्शनाच्या यात्रा ती करते. अष्टविनायक, पंढरपूर-तुळजापूर-अक्कलकोट, गणपतीपुळे, असे तिचे ठरलेले मार्ग. यात्रेच्या दिवसांत अण्णा, गाडी चालविणारे तात्या आणि क्लीनर अशा तिघांचा मुक्काम आठ-आठ दिवस गाडीतच असतो. डिकीत स्टोव्ह आणि पातेली, मागच्या लांब आसनावर अंथरूण, खिडकीच्या गजाला वाळत घातलेला टॉवेल. अण्णा गमतीने म्हणतात, “लोकांच्या घराला पाया असतो, आपल्या घराला चाकं आहेत.”

एकेकाळी अशा गाड्यांच्या पुढच्या काचेवर ‘व्हिडिओ कोच’ अशी झोकदार अक्षरे असत. आमच्या गाडीवर ती पुसट झालेली असली तरी खोटी नव्हती. चालकाची केबिन आणि प्रवासी यांच्यामधल्या फळीत, वरच्या अंगाला, प्लायवुडचा एक कोनाडा होता. त्याला आतून रेक्झिन आणि फोम लावलेला. त्यात २१ इंची जुना टीव्ही पट्ट्याने आवळून बसविलेला असे. कोनाडा समोरून २१ इंच रुंद, १९ इंच उंच आणि आत जवळजवळ २० इंच खोल होता. ही खोली मागे केबिनमध्ये, बरोबर तात्यांच्या डोक्यावर येई. जुन्या टीव्हीला एवढे पोट का असते, हे मला गावातल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांनी सांगितले होते. काचेच्या निर्वात नळीच्या मागच्या टोकातून निघालेला इलेक्ट्रॉनांचा झोत पुढच्या काचेच्या कानाकोपऱ्यापर्यंत पोहोचायला मागे अंतर हवे असते. हा झोत सेकंदाला २५ वेळा, प्रत्येकी ६२५ रेषांनी, सगळी काच सारवून काढतो. त्यासाठी आत वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब तयार होतो आणि बटण बंद केल्यावरही तो काही काळ टिकून राहतो. म्हणून काका आम्हा मुलांना मागचे झाकण उघडे असताना जवळ येऊ देत नसत.

या संचाचे लाड करावे लागत. गाडीने वळण घेऊन दिशा बदलली की कधीकधी कोपऱ्यात किंचित हिरवट-जांभळी छटा उमटे. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा परिणाम त्या झोतावर होतो हे मला भूगोलाच्या पुस्तकाआधी आमच्या बसने शिकविले. एकदा क्लीनरने गाण्यांचा स्पीकर टीव्हीला चिकटवून ठेवला आणि काचेवर मोठा डाग पडला. तेव्हा काका म्हणाले, “बंद कर, गार होऊ दे, मग परत लाव. सुरू होताना तो स्वतःच डाग पुसतो.” आणि तसेच झाले. मुक्कामी धर्मशाळेपुढे इंजिन बंद ठेवून रात्री सिनेमा लावला तर सकाळी बॅटरी उतरलेली असे आणि यात्रेकरूंना देवाच्या आधी गाडीला धक्का द्यावा लागे.

तेव्हा जुना टीव्ही किती गुणी होता, असा गळा काढण्यासाठी मी हा लेख लिहीत नाही. तो बदलायला हवाच होता. वीस-बावीस किलोंचे ओझे प्रवाशांच्या डोक्यासमोर, एका पट्ट्याच्या भरवशावर टांगलेले होते. करकचून ब्रेक लागला की अण्णांचे पहिले लक्ष आरशाकडे न जाता कोनाड्याकडे जाई. तात्यांच्या टोपीला वरच्या फळीने भोक पाडले होते. शिवाय धंद्याची निकड होती. गाडी ठरवायला आलेली मंडळी दोनच गोष्टी विचारत, “सीट पुशबॅक आहेत का?” आणि “एलसीडी आहे का?” पहिल्याचे उत्तर ‘थोड्या आहेत’ असे होते आणि दुसऱ्याचे ‘नाही’. २०१८ च्या उन्हाळ्यात केवळ या उत्तरापायी अष्टविनायकाच्या दोन यात्रा दुसऱ्या गाडीकडे गेल्या. गाडीच्या कर्जाचा हप्ता मात्र आमच्याकडेच राहिला. आठवीची परीक्षा संपवून मी घरी बसले होते. अण्णा म्हणाले, “चल, टेप घे. कोनाडा मोजू.”

आम्ही कोनाडा मोजला. लांबी, रुंदी, खोली, सगळे वहीत लिहिले. आज मागे वळून पाहताना वाटते, आमची चूक इथेच सुरू झाली. आम्ही फक्त कोनाडा मोजला.

नवा संच २२ इंची आला. जुना २१, नवा २२, म्हणजे एक इंच मोठा, असा आमचा साधा हिशेब. पण टीव्हीचे इंच हे कर्णाचे इंच असतात, आणि कर्ण सारखा असला तरी आकार सारखा असतोच असे नाही, हे भूमितीत शिकूनही माझ्या डोक्यात आले नव्हते. जुन्या काचेची रुंदी आणि उंची यांचे प्रमाण ४ : ३ होते. २१ इंची म्हणून विकलेल्या संचाची दिसणारी काच कर्णात २० इंचांच्या आसपास असते, म्हणजे सुमारे १६ इंच रुंद आणि १२ इंच उंच. नव्या पडद्याचे प्रमाण १६ : ९. त्याची काच १९ इंचांहून थोडी अधिक रुंद, पण उंचीला पावणेअकरा इंच. कोनाड्यात तो रुंदीला चपखल बसला आणि उंचीला सात इंचांची फट राहिली. अण्णांनी त्या फटीत प्लायवुडची पट्टी ठोकली आणि पेंटरकडून तिच्यावर ‘श्री ज्योतिबा प्रसन्न’ असे लिहून घेतले. गाडी झोकात दिसू लागली. क्लीनरने काचेवरची ‘व्हिडिओ कोच’ ही अक्षरे खरवडून ‘एलईडी’ लिहिले. (तसे पाहिले तर त्यातही चित्र घडवितात ते द्रवस्फटिकच, एलईडी फक्त मागून उजेड देतात. पण काचेवर एवढे सगळे मावत नाही.)

पहिली यात्रा पंढरपूरची निघाली. गाडीत आमची आजी आणि तिच्या वयाच्या दहा-बारा बायका होत्या. गाडीने गाव सोडले की ‘संत तुकाराम’ लावायचा हा आमच्या गाडीचा वर्षानुवर्षांचा रिवाज. प्रभातचा हा चित्रपट १९३६ सालचा, दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला. १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला होता. आजीला यातले काही माहीत नाही. तिला माहीत आहे ते एवढेच, की विष्णुपंत पागनीस पडद्यावर आले की हात जोडायचे. त्या दिवशी चित्रपट सुरू झाला, पागनीस आले, आणि आजीने जोडायला उचललेले हात तसेच मांडीवर ठेवले. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “ह्यो कोन सावकार गं?”

मागच्या आसनांवर हशा पिकला. पण आजीची काहीच चूक नव्हती. नव्या संचाने ४ : ३ चे चित्र १६ : ९ च्या काचेवर कडेपर्यंत ताणले होते. हिशेब केला तर प्रत्येक वस्तू उंचीच्या मानाने एक तृतीयांशाने रुंद झाली होती. टाळ लांबोळके झाले होते. आणि ज्याने संसाराकडे पाठ फिरविली, ज्याच्या गालावरच्या हाडांत उपास दिसायला हवा, तो तुकाराम चांगला खाऊनपिऊन सुखी, गोल गरगरीत, गादीवर बसणारा दिसत होता. सबंध चित्रपटाचा अर्थ एका बटणाने उलटा केला होता. चित्र अधिक स्वच्छ होते, रंगाचा डाग नव्हता, काच चकचकीत होती, फक्त तुकाराम तुकाराम राहिला नव्हता.

मी रिमोट घेऊन खटपट केली आणि चित्र मूळ प्रमाणात आणले. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या. आजीने हात जोडले. परंतु मागून लगेच आवाज आला, “अण्णा, टीव्ही बिघडला काय? बाजूला काळं यायलंय!” दुसरा म्हणाला, “एवढा मोठा पडदा घेतला आणि निम्म्यातच दाखवता?” पैसे देणारी मंडळी, त्यांना कोण काय समजावणार? अण्णांनी मला खुणेने सांगितले आणि मी चित्र पुन्हा ताणले. आजी खिडकीबाहेर पाहू लागली.

हा प्रसंग मी अनेकदा मनात घोळविला आहे. लोकांची तक्रार नेमकी कशाबद्दल होती? चित्र अपुरे दिसते याबद्दल ती नव्हती, चित्र तर पुरते होते. काचेचा काही भाग रिकामा राहतो, म्हणजे पैसे वाया जातात, ही त्यांची बोच होती. पडदा भरलेला पाहिजे, मग आतले माणूस विद्रूप झाले तरी चालेल! मित्रहो, ही वृत्ती फक्त बसमधल्या प्रवाशांची आहे असे आपण समजू नये. वेळापत्रक भरलेले पाहिजे, वही भरलेली पाहिजे, उत्तरपत्रिकेला पुरवण्या जोडलेल्या पाहिजेत, असे आपणही मानतोच. चार ओळींचे उत्तर चार पानांवर ताणताना आपण तेच बटण दाबीत असतो.

दुसरी चूक पुढच्या आसनांवर बसलेल्यांनी दाखवून दिली. जुनी काच कोठूनही पाहिली तरी सारखीच दिसे. नव्या स्वस्त पडद्यांपैकी पुष्कळांचा दोष असा, की समोरून ते उत्तम दिसतात, पण खालून वर पाहिले की चित्र काळवंडते आणि उजेड-सावलीची अदलाबदल होऊ लागते. घरी टीव्ही डोळ्यांच्या पातळीवर असतो म्हणून हे कळत नाही. बसमध्ये तो डोक्याच्या वर असतो. पहिल्या दोन रांगांना सगळी माणसे छायाचित्राच्या जुन्या निगेटिव्हसारखी दिसत. आणि पहिल्या रांगेत बसते कोण? ज्यांना गाडी लागते अशा म्हाताऱ्या बायका आणि लहान मुले. म्हणजे जी माणसे सिनेमा खरोखर पाहणार, त्यांनाच तो दिसत नव्हता. पुढे अण्णांनी लोहाराकडून लोखंडी पट्टीचा आधार करून घेतला आणि पडदा खाली झुकता बसविला. उपाय अगदी साधा आणि स्वस्त निघाला. पण तो सुचायला कोणीतरी आधी पहिल्या आसनावर जाऊन बसायला हवे होते. आम्ही मापे घेतली ती उभ्याने!

तिसरी चूक डोळ्यांना दिसणारी नव्हती. नवा संच १२ व्होल्टवर चालणारा होता, वीज कमी खाणारा, जुन्याच्या निम्म्याहूनही कमी. बसची वीज २४ व्होल्टची, १२-१२ च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. जोडणी करणाऱ्याने सोपा मार्ग काढला आणि दोहोंपैकी एकाच बॅटरीवरून तार घेतली. १२ व्होल्ट मिळाले, टीव्ही लागला, सर्व खूश. दोन महिन्यांनी एक बॅटरी मेली. एकीवर सगळा भार पडला, ती रोज उपाशी राहिली. दुसरीला गरजेपेक्षा जास्त भरण मिळाले. जोडीने चालायचे त्यांच्यात असा भेद केला की दोघींचेही वाटोळे होते, हे काकांनी नंतर समजावून सांगितले, आणि २४ चे १२ करणारा छोटा कन्व्हर्टर मध्ये बसविला. टीव्हीवर वाचविलेले पैसे बॅटरीत गेले.

अमेरिकेत आणि युरोपात लोक घरासारखी सजविलेली मोटारगाडी घेऊन महिनोन्‌महिने हिंडतात. स्वयंपाकाचा ओटा, बिछाना, न्हाणीघर सगळे गाडीतच. अशा कित्येक जुन्या गाड्यांत पुढच्या काचेच्या वर, चालकाच्या माथ्यावर, टीव्हीसाठी खोल कपाट केलेले असे. तिकडेही जुना टीव्ही काढून सपाट पडदा बसविताना हीच पंचाईत येते. कपाट खोल आणि चौकोनी, पडदा पातळ आणि आडवा. गाडीच्या धक्क्यांनी स्क्रू ढिले पडतात, मागच्या रिकाम्या पोकळीचे काय करायचे ते कळत नाही, आणि पडद्याच्या पाठीला किंवा बुडाला असलेल्या स्पीकरचा आवाज त्या पोकळीतच घुमत राहतो. कोणी त्या पोकळीत सामान ठेवण्याचे कप्पे करतात, कोणी बिजागरी लावून पडद्याचेच दार करतात. माणूस कऱ्हाडचा असो की कॅलिफोर्नियाचा, वस्तू बदलते पण तिच्यासाठी केलेली जागा मागे राहते, आणि नवी वस्तू आल्यावर आपण त्या जागेचे गुलाम होतो. अण्णांनी २२ इंची संच का घेतला? प्रवाशांना तो पुरेसा होता म्हणून नव्हे. कोनाड्यात तोच बसत होता म्हणून. त्या संचावर ‘संत तुकाराम’ खऱ्या प्रमाणात लावला तर चित्राचा कर्ण भरतो १८ इंच. जुन्यावर भरत होता २०. एक इंच मोठा टीव्ही आणून आम्ही चित्र दोन इंचांनी लहान केले होते!

आता जुन्या संचाचे काय झाले ते सांगते. ही गोष्ट सांगायला मला आजही जड जाते, कारण त्यात अण्णांचा काही दोष नाही, माझाच आहे. संच अंगणात आठ दिवस पडून होता. भंगारवाला आला. अण्णा घरी नव्हते. मी दीडशे रुपये घेऊन तो देऊन टाकला आणि त्या पैशांचे आईस्क्रीम आम्ही भावंडांनी खाल्ले. चार दिवसांनी ओढ्याकाठी शेळ्यांमागे गेले तर तिथे आमचा टीव्ही पडला होता. म्हणजे त्याचे प्रेत. मानेवर घाव घालून तांब्याच्या तारेची गुंडाळी काढून घेतलेली, बाकी सगळी काच फोडून ओढ्याच्या उतारावर लोटलेली. त्या जाड काचेत शिसे असते. आतल्या प्रचंड दाबामुळे निर्माण होणारे क्ष-किरण बाहेर पडू नयेत म्हणून ते मुद्दाम घातलेले असते. म्हणजे जे शिसे वीस वर्षे आमचे रक्षण करीत होते, तेच मी पावसाळ्याच्या तोंडावर ओढ्याच्या हवाली केले. खाली त्याच ओढ्याच्या पाण्यावर आमच्या भावकीची शेते आहेत.

ई-कचऱ्याविषयीचे पहिले स्वतंत्र नियम आपल्या देशात २०११ साली झाले आणि १ मे २०१२ पासून अमलात आले. आज लागू असलेले नियम २०२२ चे असून ते १ एप्रिल २०२३ पासून चालू आहेत. अशा वस्तू नोंदणीकृत प्रक्रिया करणाऱ्यांकडेच गेल्या पाहिजेत, हा त्या सर्वांचा गाभा. नियम २०१८ सालीही होतेच. आमच्या दारापर्यंत मात्र भंगारवाल्याची सायकल पोहोचत होती, नियम पोहोचले नव्हते. पण मला विचाराल तर नियम माहीत नसल्यामुळे मी ते केले हे अर्धे सत्य आहे. उरलेले अर्धे असे, की नवा संच आल्याक्षणी जुन्याकडे पाहण्याचे माझे डोळेच मिटले होते. ज्याच्यापुढे आजी हात जोडीत असे, त्याची किंमत दीडशे रुपये आहे की दोनशे, एवढाच प्रश्न उरला होता.

इथे कोणी विचारील, आज या सगळ्याला अर्थ काय? प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. बसमधला टीव्ही पाहतो कोण? हा आक्षेप मी टाळणार नाही, कारण तो बराचसा खरा आहे. महाविद्यालयाची सहल आमच्या गाडीतून जाते तेव्हा पस्तीस जण पस्तीस पडदे पाहत असतात आणि कोनाड्यातला पडदा एकटाच नाचत असतो. पण यात्रेची गाडी निराळी. आजीच्या वयाच्या बायकांना एकत्र बसून, एकमेकींना सांगत, मध्येच ओव्या म्हणत पाहायचे असते. आंबा घाटात मोबाईलची रेंज गेली की तरुण मंडळीही मान वर करतात. सर्वांचा मिळून एक पडदा असणे ही गोष्ट अजून कालबाह्य झालेली नाही. आणि तो एकच असेल, तर तो सर्वांना नीट दिसेल असा लावणे ही लावणाऱ्याची जबाबदारी आहे. मोबाईल ज्याचा तो हवा तसा धरतो. भिंतीवरचा पडदा दुसऱ्या कोणीतरी धरलेला असतो.

आता आपल्या महाविद्यालयाकडे येते.

मराठी विभागातल्या त्या जुन्या टीव्हीशेजारी कपाटात व्हिडिओ कॅसेटी आहेत. मी मोजल्या, एकोणतीस आहेत. स्नेहसंमेलनातल्या एकांकिका, वक्तृत्व स्पर्धा, निवृत्त झालेल्या प्राध्यापकांची व्याख्याने. यादीत त्यांचा उल्लेख नाही, कारण डेडस्टॉक नोंदवहीत त्यांची नोंदच नाही. नोंदीच्या दृष्टीने त्या अस्तित्वातच नाहीत. गेल्या डिसेंबरात विभागातील सरांच्या परवानगीने मी त्यांतली एक लावून पाहिली. चित्र थरथरत होते, आवाज मध्येच बुडत होता. पण आज आपल्याला भाषाविज्ञान शिकविणाऱ्या बाई त्यात विद्यार्थिनी आहेत, नऊवारी नेसून कजाग सासूची भूमिका करीत आहेत, आणि अशी काही फणकारून वाक्ये टाकीत आहेत की त्यांच्या तासाला उशिरा जाण्याचे धाडस मी पुन्हा करणार नाही. मागे जे सभागृह दिसते ते पाडून आता तिथे वाहनतळ झाला आहे. त्या सभागृहाचे दुसरे चित्रण कोणाकडे असल्यास मला माहीत नाही.

व्हीसीआर बनविणाऱ्या शेवटच्या मोठ्या उत्पादकाने २०१६ साली ते बनविणे थांबविले. चुंबकीय फीत वर्षागणिक खराब होते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तिला बुरशीही लागते. म्हणजे यादीतला तो ‘१ नग’ निर्लेखित झाला की एकोणतीस कॅसेटी त्याच दिवशी मुक्या होतील. त्या पुढे कोणीतरी ‘निरुपयोगी’ म्हणून टाकील आणि ते त्या दिवशी खरेच असेल.

माझे म्हणणे थोडक्यात असे. नवा पडदा अवश्य घ्यावा. तो हलका आहे, वीज कमी खातो, वर्गात मागच्या बाकापर्यंत अक्षर दिसेल. पण टेप घेऊन केवळ भिंत मोजू नये. पहिल्या बाकावर आणि शेवटच्या बाकावर बसून पाहावे आणि मग तो किती उंच, किती झुकता लावायचा ते ठरवावे. जुना व्हीसीआर चालू आहे तोवर सर्व कॅसेटींच्या संगणकीय प्रती करून घ्याव्यात. हे काम आम्ही विद्यार्थी सुटीत विनावेतन करू, मी माझे नाव विभागात देऊन ठेवले आहे. त्या प्रती नव्या पडद्यावर दाखविताना ४ : ३ च्या ४ : ३ च ठेवाव्यात. बाजूच्या काळ्या पट्ट्या पाहून कोणी ‘पडदा वाया जातो’ म्हणाले, तर त्याला आमच्या आजीची गोष्ट सांगावी. आणि जुना संच भंगाराच्या हातगाडीवर न चढविता नोंदणीकृत प्रक्रिया केंद्राकडे पोहोचवावा. त्यासाठी गाडी लागली तर अण्णा द्यायला तयार आहेत, मी विचारले आहे. भाडे घेणार नाहीत. त्या ओढ्याच्या हिशेबातला थोडा तरी भाग फिटावा एवढीच त्यांची, आणि माझी, इच्छा आहे.

अण्णांच्या गाडीत आता एक नवा रिवाज आहे. यात्रा निघाली की अण्णा माईक घेऊन सांगतात, “मंडळी, पहिला सिनेमा जुना आहे. बाजूला काळं दिसंल. टीव्ही बिघडलेला नाही. तुकोबा जसे होते तसे दिसावेत म्हणून तसं ठेवलंय.” आश्चर्य म्हणजे हे सांगितल्यापासून एकानेही तक्रार केलेली नाही. लोकांना पडदा भरलेलाच हवा असतो हा आमचा समज होता. त्यांना कोणी कारण सांगितले नव्हते, इतकेच.

आजी आता यात्रेला जात नाही, गुडघे साथ देत नाहीत. पण गाडी दारातून निघण्याआधी ती काठी टेकीत पायरीपर्यंत येते आणि विचारते, “तुकाराम बारीक हाय न्हवं?”

“आहे,” अण्णा म्हणतात, आणि तात्या गाडी सुरू करतात.

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला (मराठी)